सी, डी, ई, एफ : टंचाईने घातलेल्या भिंती

गेल्या उन्हाळी सुट्टीत घरच्या संगणकाने हात वर केले. लेखाची फाइल जतन करायला गेलो, तर जागा शिल्लक नसल्याची सूचना आली. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून पाहिले. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. ४० जीबीपैकी जेमतेम ७०० एमबी मोकळी. खालच्या डी, ई आणि एफ या तिघांच्या पट्ट्या मात्र निळ्या होत्या. डीमध्ये २१, ईमध्ये ३१ आणि एफमध्ये ४६ जीबी रिकामी. म्हणजे एकाच डिस्कवर ९८ जीबी जागा पडून होती आणि त्याच डिस्कवर संगणकाचा श्वास कोंडला होता.

नवी डिस्क घ्या, असे कुणीही सांगेल. पण जून तोंडावर होता, दोन मुलांची फी भरायची होती. शिवाय जागा घरातच असताना बाहेरून विकत का आणायची, असाही एक हट्ट होता. मी पुण्यात संगणकाचेच काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. बोलणे स्पीकरवर चालले होते. तो म्हणाला, “मामू, पार्टिशन नव्यानं करावं लागेल.” पलंगावर तसबीह घेऊन बसलेल्या अम्मीने मान वर केली. “अब काय का पार्टिशन, बाबा?” आम्ही दोघे हसलो. अम्मी हसली नाही. तिच्या पिढीला हा शब्द हलका वाटत नाही.

पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी शाळेत इतिहास शिकवतो. एखादी सीमा दिसली की ती कुणी, कधी आणि कशासाठी आखली हे विचारण्याची सवय मुलांना लावतो. आणि गेली पंधरा-सोळा वर्षे माझ्याच टेबलावरच्या यंत्रात चार खोल्या आहेत, मधे तीन भिंती आहेत, त्यांच्याबद्दल मी कधी काही विचारले नव्हते. २००९ साली दुकानदाराने एक्सपी टाकून दिली तेव्हाच ४६५ जीबीची वाटणी केली होती. सीला ४०, बाकी तिघांना १४१-१४१. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला होता, “सर, विंडोज उडाली तरी तुमचा डेटा वाचतो.” तेवढ्याने माझे समाधान झाले होते.

अक्षरांचा इतिहास

पहिली गोष्ट, सीपासूनच सुरुवात का? ए आणि बी कुठे गेले?

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिच्या डिस्कच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका दांड्यावर फिरत. वजन एक टनाहून जास्त आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो कधी कधी एवढी जागा खातो. असले कपाट कुणाच्या घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. १९८१ मध्ये त्याच कंपनीचा घरगुती आकाराचा पीसी आला, तेव्हाही त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीचे एक किंवा दोन खण असत. त्यांना ए आणि बी म्हणत. ड्राइव्हला अक्षर देण्याची ही रीत आधीच्या सीपी/एम या प्रणालीतून आली होती.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. ए, बी ही अक्षरे फ्लॉपीने अडवलेली, म्हणून नव्या पाहुण्याला सी मिळाले. पुढे फ्लॉपी गेल्या, त्यांचे खण गेले, पण ए आणि बीच्या जागा कुणी भरल्या नाहीत. जुने भाडेकरू घर सोडून गेले तरी दारावरची पाटी तशीच राहावी, तसे हे आहे.

त्या एक्सटीबरोबरच डॉस २.० आले आणि डिस्कची वाटणी करण्याची सोय आली. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ खूण म्हणून, आणि उरलेल्या ६४ मध्ये वाटणीचा तक्ता. प्रत्येक वाट्याच्या नोंदीला १६ बाइट लागतात. ६४ भागिले १६, उत्तर ४. डिस्कवर चारच मुख्य वाटे का, याचे कारण एवढेच. तेव्हा हेतूही निराळा होता. एकाच डिस्कवर डॉस आणि दुसरी एखादी प्रणाली शेजारी-शेजारी नांदाव्यात, एकीने दुसरीच्या जागेत हात घालू नये, म्हणून हा तक्ता. म्हणजे ही भिंत सुरुवातीला सोबत राहण्यासाठी होती.

मग टंचाई आली, पण ती जागेची नव्हती. डिस्क मोठ्या होत गेल्या आणि डॉसची मोजण्याची ताकद अपुरी पडली. ते सेक्टर मोजायला १६ बिटांचा आकडा वापरत होते. १६ बिटांत ६५,५३६ पर्यंतच मजल जाते. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे एका ड्राइव्हची कमाल मर्यादा ३२ एमबी. बाजारात ४० एमबीची डिस्क मिळू लागली तेव्हा वरचे ८ एमबी डॉसला दिसेनात. यावर १९८७ च्या डॉस ३.३ ने तोड काढली. चार वाट्यांपैकी एकाला ‘एक्स्टेंडेड’ म्हणायचे आणि त्याच्या पोटात आणखी छोटे वाटे करायचे. त्यांना लॉजिकल ड्राइव्ह म्हणतात. घरोघरी डी, ई आणि एफ जन्माला आले ते असे. घरात माणसे जास्त झाली म्हणून वाटणी झाली नव्हती. कारभाऱ्याला ३२ च्या पुढे मोजता येत नव्हते म्हणून झाली होती.

पुढच्याच वर्षी डॉस ४.० ने ३२ एमबीची अट काढली. पण १६ बिटांचा आकडा वेष बदलून परत आला. आता सेक्टरऐवजी सेक्टरांचे गठ्ठे मोजू लागले. ६५,५३६ गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा फार तर ३२ केबीचा, म्हणजे २ जीबीची नवी वेस. त्यात आणखी एक मेख होती. एका गठ्ठ्यात एकच फाइल राहू शकते. चार ओळींची चिठ्ठी लिहिली तरी ३२ केबी अडकणार. म्हणून नव्वदच्या दशकात जाणकार लोक मुद्दाम लहान लहान ड्राइव्ह करत. ५१२ एमबीच्या आतला ड्राइव्ह ठेवला की गठ्ठा ८ केबीवर यायचा आणि नासाडी कमी व्हायची. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आले आणि हेही कारण संपले.

माझा संगणक घेतला २००९ मध्ये. तोवर ३२ एमबीची वेस २१ वर्षांपूर्वी पडली होती आणि २ जीबीची वेस १३ वर्षांपूर्वी. तरीही माझ्या डिस्कवर एक मुख्य वाटा, एक एक्स्टेंडेड आणि त्याच्या पोटात तीन लॉजिकल, असा १९८७ चा नकाशा जसाच्या तसा उतरला होता. दुकानदाराने दिलेले कारण खोटे नव्हते. प्रणाली बिघडली तर सी पुसून नव्याने टाकता येते, डी-ईला धक्का लागत नाही. पण त्यासाठी एक भिंत पुरली असती. बाकीच्या दोन कशासाठी होत्या हे त्यालाही माहीत नसावे. त्याच्या उस्तादाने त्याला तसे शिकवले असणार.

युनिक्सची सांडलेली डिस्क

हे फक्त डॉसच्या घराण्यात घडले असे नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. १९७१ च्या सुमाराला ती पीडीपी-११ या यंत्रावर चालू लागली. प्रणाली एका छोट्या डिस्कवर आणि लोकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर, अशी सोय होती. त्या दुसरीचे नाव यूएसआर, म्हणजे यूजर. प्रणाली वाढत गेली, पहिली डिस्क भरली, तेव्हा उरलेले प्रोग्रॅम लोकांच्या डिस्कवर नेऊन ठेवले गेले. त्यामुळे काही प्रोग्रॅम इथे, काही तिथे अशी फाटाफूट झाली.

नंतर मोठ्या डिस्क आल्या. फाटाफूट करण्याची गरज संपली. पण तोवर ती रीत झाली होती. कोणता प्रोग्रॅम कुठल्या बाजूला असावा याचे नियम तयार झाले आणि नव्या पिढीने त्या नियमांना तात्त्विक कारणे जोडली. लिनक्सची फेडोरा ही आवृत्ती २०१२ मध्ये या दोन बाजू एकत्र करायला निघाली, तेव्हाही वाद झडले. चाळीस वर्षांपूर्वी कुणाची तरी डिस्क भरली होती, एवढेच त्या भिंतीचे मूळ होते.

इतिहासात हे वारंवार दिसते. अडचणीतून एक सोय निघते, सोयीची रीत होते, रीतीचा नियम होतो आणि शेवटी नियमाला कुणीतरी पवित्र कारण चिकटवतो. तोवर मूळ अडचण कुणाच्या लक्षातही नसते.

डिस्कच्या वाट्याला इंग्रजीत ‘व्हॉल्यूम’ही म्हणतात. हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ गुंडाळी. कागदाची किंवा कातड्याची लांब गुंडाळी, मग ग्रंथाचा खंड, मग टेपचे रीळ आणि आता डिस्कचा वाटा. आपल्याकडेही साठवणीचे शब्द असेच प्रवास करत आले आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. दफ्तर आणि रुमाल हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. रुमालाचा एक गुण मला नेहमी आवडतो. कागद वाढले की गाठ सोडून पुन्हा बांधता येते. माझ्या डिस्कची गाठ तशी सुटत नव्हती.

हिरवी जागा, काळी जागा

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची खिडकी असते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तिच्यात वाटा लहान-मोठा करण्याची सोय आहे. मला वाटले, एफ ४० जीबीने लहान करू आणि ती जागा सीला देऊ. पण ‘एक्स्टेंड’चे बटण फिकट, दाबले जाईना. भाच्याने समजावले. सी मोठा करायचा तर मोकळी जागा त्याला लागून, उजव्या हाताला हवी. चाळीतल्या पहिल्या खोलीला चौथ्या खोलीची जागा मिळत नाही, मधल्या दोघांना सरकावे लागते.

मग डी रिकामा करायचे ठरले. पण १२० जीबी सामान टाकायचे कुठे? बाहेरची डिस्क नव्हती. ईमध्ये ३१ आणि एफमध्ये ४६, मिळून ७७ जीबी. म्हणजे आधी डी निदान ७० च्या आत आणायला हवा होता. भाचा म्हणाला, “मामू, आधी निवडा. काय ठेवायचं, काय टाकायचं. हे काम सॉफ्टवेअर करत नाही.”

चार दिवस मी डी निवडत बसलो. तीन लग्नांचे तेच फोटो तीन मोबाइलमधून तीनदा उतरवलेले. मुलांची कार्टून. अर्धवट डाउनलोड झालेले सिनेमे. मोबाइल बदलताना घाईघाईने ओतलेली फोल्डर. ५२ जीबी उडवले. उरलेल्या ६८ पैकी ४२ एफमध्ये आणि २६ ईमध्ये कोंबले.

ई माझा खास ड्राइव्ह. ई म्हणजे इतिहास, असे मीच गमतीने नाव पाडले होते. गावोगावी फिरून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, कबरस्तानातल्या शिळालेखांचे फोटो, जुन्या निकाहनाम्यांचे आणि सनदांचे स्कॅन, सगळे तिथे. भाच्याने विचारले, “ईची दुसरी प्रत आहे ना?” काही मुलाखती १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर होत्या. बाकी नव्हते काही. मी “आहे, आहे” म्हणालो. मुलांनी असे उत्तर दिले असते तर मी वही दाखवायला सांगितली असती.

डिस्क मॅनेजमेंटमधून डी पुसला. ती जागा हिरवी झाली आणि ‘एक्स्टेंड’ तरीही फिकटच. इथे १९८७ पुन्हा आडवे आले. ती जागा एक्स्टेंडेडच्या पोटातली होती. हिरवी जागा म्हणजे कुंपणाच्या आतली मोकळी जागा. सीला हवी होती काळी, म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली. त्यासाठी एक्स्टेंडेडचे कुंपणच उजवीकडे सरकवायला हवे आणि विंडोजची खिडकी ते करत नाही. त्यासाठी जीपार्टेड नावाचे मोफत साधन पेनड्राइव्हवरून चालवायचे होते.

आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि माझ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली आहे. म्हणून मी फजरनंतर बसलो.

जीपार्टेडमध्ये सी, डी अशी अक्षरे नसतात. सीला एसडीए१ म्हणतात, एक्स्टेंडेडला एसडीए२. लॉजिकल वाट्यांची मोजणी ५ पासून सुरू होते. आठवडाभरापूर्वी मी सहज उघडून पाहिले होते आणि कागदावर लिहून ठेवले होते : एसडीए५ म्हणजे डी, ६ म्हणजे ई, ७ म्हणजे एफ. आता पाहतो तर एसडीए५ समोर हजर. मला वाटले, विंडोजने डी नीट पुसलेला दिसत नाही. आकारही तोच, १४१ जीबी. मी त्यावर ‘डिलीट’ निवडले.

जीपार्टेड लगेच काही करत नाही. कामांची यादी खाली लिहून ठेवते आणि ‘अप्लाय’ दाबेपर्यंत थांबते. त्या थांब्याने मला वाचवले. अप्लायकडे हात नेताना यादीतल्या ओळीवरून नजर वरच्या तक्त्याकडे गेली आणि मला आठवले की पुसण्याआधी याच ओळीत ‘वापरलेली जागा’ या रकान्यात १३६ जीबी दिसले होते. डीमध्ये तर ६८ च्या वर काही नव्हते. ११० आणि २६, बेरीज १३६. तो ई होता.

मी ‘अनडू’ दाबले आणि पाणी प्यायला उठलो. हात थरथरत होता.

झाले होते ते असे. लॉजिकल ड्राइव्ह एका साखळीत असतात. प्रत्येकाच्या आधी एक छोटा तक्ता असतो, तो पुढच्याचा पत्ता सांगतो. पहिली कडी काढली की दुसरी पहिली होते. डी गेल्याबरोबर ई एसडीए५ झाला आणि एफ एसडीए६. माझा कागद आठवड्यापूर्वी खरा होता. जुन्या नोंदीवर विसंबून आजची मोजणी करू नये, हे मी किती वर्षे वर्गात सांगत आलो आहे.

भाच्याला उठवले. तो फोनवर असतानाच पुढचे केले. एक्स्टेंडेडची डावी कड ६० जीबीने उजवीकडे, मग एसडीए१ तेवढाच मोठा. त्या पट्ट्यात डेटा नव्हता, काहीच सरकवायचे नव्हते, त्यामुळे काम पाचेक मिनिटांत झाले. सी आता १०० जीबी, नवा डी ८१. बाहेर ठेवलेले ६८ जीबी परत डीमध्ये आणले. लाल पट्टी निळी झाली. घरात मिठाई वाटावी असे वाटले.

शिक्क्यातला शेवटचा अंक

खरी चूक मला दीड महिन्याने कळली.

शेजारच्या गावातल्या एका मुजावर कुटुंबाकडे दर्ग्याच्या इनामाची सनद होती. वर फारसी शिक्का, खाली मोडी मजकूर. मोडी मजकुरात तारखेच्या जागीच कागद फाटलेला, त्यामुळे सनद कधीची हे सांगणारा एकच पुरावा होता, शिक्क्यातला हिजरी सन. २०१७ मध्ये मी तिचा मोबाइलवर फोटो काढला होता. दोन पावसाळ्यांनी त्या घरातली पेटी वाळवीने खाल्ली. सनद गेली. फोटोच आता सनद होता.

इनामांवर लेख लिहायला बसलो, ईमधून तो फोटो उघडला आणि शिक्का मोठा करून पाहिला. अक्षरे एकमेकांत विरघळलेली. हिजरी सनाचे पहिले तीन अंक लागत होते, शेवटचा नाही. मला पक्के आठवत होते की मूळ फोटोत शिक्का स्पष्ट होता.

मग उलगडा झाला. मूळ फोटो डीमध्ये होता, मोबाइलमधून ओतलेल्या त्या अस्ताव्यस्त फोल्डरमध्ये. तो मी मोडी वाचणाऱ्या एका मित्राला संदेशातून पाठवला होता. त्याने खुणा करून, वाचन लिहून परत पाठवला. संदेशातून जाता-येता फोटो आकसतो, बारीक तपशील गळतो. तो आकसलेला फोटो मी व्यवस्थित नाव देऊन ईमध्ये ठेवला होता. डी निवडताना मूळ फोटो समोर आला, तेव्हा मी मनात म्हणालो, हा तर ईमध्ये आहे. आणि पुसून टाकला.

दोन्ही फाइलींचा आकार पाहायला दोन क्षण लागले असते. मी पाहिला नाही, कारण माझ्या मनात भिंतीने आधीच निकाल दिला होता. ईमध्ये आहे ते अस्सल, डीमध्ये आहे ते अडगळ. प्रत्यक्षात उलटे होते. अस्सल अडगळीत पडले होते आणि नक्कल मानाच्या जागी बसली होती.

पुसलेली फाइल परत मिळवून देणारी साधने असतात. फाइल पुसली की फक्त तिची नोंद जाते, मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. म्हणून चूक कळताच त्या डिस्कवर लिहिणे थांबवायचे, हा पहिला नियम. मी तर त्याच जमिनीवर सी वाढवला होता, नवा डी केला होता आणि ६८ जीबी ओतले होते. एक रात्र शोधले. काही हाती आले नाही.

लेखात मी त्या सनदेचे एक साल लिहू शकलो नाही. दहा वर्षांचा पट्टा लिहिला. वाचकाला फरक पडला नसेल. पण मुजावर चाचा शाळेत भेटायला आले, “मास्तर, तुमच्याकडं तरी नीट आहे ना?” असे विचारले, तेव्हा मला खाली पाहावे लागले. मी त्यांना खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमच्याकडं वाळवी लागली, तुमच्याकडं हे लागलं.”

आता भिंत कशासाठी?

तंत्राच्या बाजूने पाहिले तर ही सगळी कसरत मागे पडत चालली आहे. लिनक्समध्ये १९९८ पासून एलव्हीएम नावाची सोय आहे. डिस्कची सगळी जागा एका हौदात टाकायची आणि लागेल तसे वाटे कमी-जास्त करायचे. शेजारी कोण आहे याने फरक पडत नाही. चार वाट्यांच्या जुन्या तक्त्याला दोन टेराबाइटच्या पुढे मोजता येत नव्हते, म्हणून त्याच्या जागी जीपीटी आला. त्यात साधारणपणे १२८ वाट्यांची सोय असते आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल हा भेदच नाही. ॲपलने २०१७ मध्ये आणलेल्या एपीएफएसमध्ये तर अनेक व्हॉल्यूम एकाच मोकळ्या जागेतून हवे तेवढे घेतात. म्हणजे गोष्ट पुन्हा रुमालापाशी आली. गाठ सोडा, कागद घाला, गाठ बांधा.

तरीही घरोघरी जुने संगणक आहेत आणि पुढेही राहतील. आपल्या गावातल्या छोट्या संस्थांचे, मशिदींचे, वाचनालयांचे, हौशी अभ्यासकांचे कागद अशाच कुठल्यातरी डी नाहीतर ई ड्राइव्हमध्ये आहेत. ज्यांचा इतिहास सरकारी दफ्तरात फारसा नाही, त्यांचा तो एखाद्या मास्तरच्या संगणकात असतो. तिथे जागा संपली की निवड होते. ती निवड घाईत, एकट्याने आणि ड्राइव्हच्या नावावर विसंबून झाली, तर काय जाते ते मी पाहिले आहे.

म्हणून माझा अनुभव चार वाक्यांत सांगतो. भिंत हलवण्याआधी दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत करा, ती उघडून पाहा आणि मगच “आहे, आहे” म्हणा. वाट्यांना अक्षरांवर सोडू नका, प्रत्येकाला नाव द्या, म्हणजे क्रमांक बदलला तरी ओळख राहील. दोन फाइली सारख्या दिसल्या तर आकार पाहा, मोठी ठेवा. आणि निवडताना फाइल कुठल्या खोलीत सापडली हे विसरून ती काय आहे एवढेच पाहा.

ईदला भाचा आला तेव्हा सोबत एक बाहेरची डिस्क घेऊन आला. आम्ही ती जोडली. तो सवयीने विचारू लागला, “मामू, किती पार्टिशन करायचे?”

अम्मी शेवया निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिले आणि म्हणालो, “एकच राहू दे.”